चारऐवजी तीन

पहिल्याच वळणाला माझ्या छातीचा भाता होतो.
नॅट्रस पुढे. वय सदुसष्ट,
डाव्या गुडघ्यात स्टीलची वाटी,
सायकलला बॅटरी, आणि तिची त्याला एवढी लाज
की ती त्यानं जुन्या टॉवेलात गुंडाळलीय.
"थंडी वाजते तिला," म्हणतो.
व्यायाम मीच लिहून दिला होता त्याला,
दवाखान्याच्या छापील कागदावर:
सपाटीवर, वीस मिनिटं.
उत्तर इंग्लंडच्या या टोकाला
सपाटी कुठे असते ते लिहायचं राहिलं.

झाडं नाहीत, म्हणून धुराडं लांबूनच दिसतं.
माळाच्या माथ्यावर एकटंच;
खाली ना भट्टी, ना भिंत.
शिशाची भट्टी होती दोन मैल खाली, ओढ्याकाठी.
धूर तिथून दगडी बोगद्यातून
जमिनीलगत सरपटवत इथवर आणलेला,
गावाला खोकला नको म्हणून.
(मग कुणाला, ते मेंढ्यांना विचारा.)

बोगदा जागोजागी बसलाय.
त्याच्या कण्यावरूनच आमची वाट,
हातभर रुंद.
खालची कमान जिथे शाबूत आहे
तिथे चाकांचा आवाज पोकळ होतो,
रिकाम्या पिंपावर कुणी बोटं वाजवावीत तसा.
भट्टी निवली की आत पोरं सोडायचे,
भिंतीची काजळी खरवडायला.
काजळीत चांदी असायची.
"माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ,"
नॅट्रस नाव सांगतो आणि त्याच क्षणी गिअर बदलतो.
साखळी खडखडते.
मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

पुढे धुवून टाकलेल्या खडीचं पठार.
दीडशे वर्षांत इथे काही रुजलं नाही,
एक नखाएवढं पांढरं फूल सोडून.
त्याला शिसं चालतं.
शेजारच्या हिरव्यागार कुरणात
ते चुकूनही पाय ठेवत नाही.
"हट्टी जात," नॅट्रस म्हणतो.
गावाबद्दल बोलतोयस का?
"फुलाबद्दल."

मग ती विहीर. विहीर कसली, खाणीचं तोंड,
वर गजांची जाळी, कुलूप, कुलपावर गंज.
तो दर खेपेला इथे उतरतो,
खिशातून खडा काढतो (घरूनच आणतो),
जाळीतून सोडतो आणि ओठांतल्या ओठांत मोजतो.
एक.
दोन.
तीन. डुबुक.
"लहानपणी चार म्हणावं लागायचं."
पंप बंद झाले त्याला वीस वर्षं झाली.
पाणी वर येतंय,
घाई नसलेल्या माणसासारखं.
तू काम करायचास ती जागा?
"चाराच्या जरा अलीकडे."
म्हणजे बुडाली.
"म्हणजे ओली आहे," तो म्हणतो,
आणि हेल्मेटचा पट्टा आवळतो.

इथून तो डांबरी रस्त्याने उतरतो, मी रुळांच्या उतारावरून.
रूळ कधीच विकले गेले; उतार कुणी घेतला नाही.
भरलेले डबे दोराने खाली सुटायचे
आणि त्यांच्याच वजनाने
रिकामे वर ओढले जायचे.
इंजिन नाही, घोडा नाही,
नुसता हिशोब.

आज त्यानं बॅटरी बंद केली
आणि हँडल माझ्या बाजूला वळवलं.
गुडघा! मी ओरडले, पण तो गेला होता,
ढुंगण सीटमागे, कोपरं बाहेर,
लाकडी स्लिपरांच्या खाचांवरून
दणदणदणदण, एक मेंढी उडाली,
चिखल, पुन्हा दणदण,
पाठमोरा नॅट्रस खाली खाली लहान होत
दहा-बारा वर्षांचा झाला.

मी पोचले तेव्हा
फाटकाला टेकून चष्मा पुसत होता.
दम इतका की बोलता येईना.
बॅटरी उघडी.
त्यानं वर बोट दाखवलं:
अर्ध्या उतारावर, तारेला,
टॉवेल.

"भरलेला खाली आला," धापा टाकत म्हणाला,
"आता नियमाप्रमाणे..."

मी सायकल वळवली.